अंबरनाथ आणि उजी : एकाच दशकातील दोन मंदिरे

पनवेललगतच्या करंजाडे वसाहतीतून अर्ध्या दिवसात पाहून परतता येईल असे अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे असून, तेथील शके 982, म्हणजे इ. स. 1060 च्या शिलालेखात उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील मांवाणी, अर्थात मुम्मुणी, या राजाचे नाव आढळते. काळ्या बेसाल्ट दगडात घडवलेल्या या मंदिराची शैली 'भूमिज' आहे. या शैलीत शिखराच्या मुख्य पट्ट्यांमधील जागेत छोट्या शिखरांच्या प्रतिकृतींच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. मूळ शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही, मात्र बाह्यभिंतींवरील शिल्पांची घनता आणि सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गेल्यावर लागणारे गर्भगृह, म्हणजे शिवलिंगाचे मुख्य दालन, यांसाठी हे स्थळ सावकाश पाहण्याच्या योग्यतेचे आहे.

जपानमधील क्योतोजवळच्या उजी शहरातील ब्योदो-इन या बौद्ध मंदिराचे 'फिनिक्स सभागृह' इ. स. 1053 मधले, म्हणजे जवळजवळ याच काळातले आहे. फुजिवारा घराण्यातील योरिमिची या सत्ताधीशाने उभारलेली ही वास्तू मात्र लाकडी असून, ती अमिदा बुद्धाला वाहिलेली आहे आणि जपानच्या दहा येनच्या नाण्यावर तिचे चित्र आहे. ब्योदो-इनचा जागतिक वारसा यादीत 1994 मध्ये समावेश झाला, तर अंबरनाथचे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असून तेथे आजही नित्य पूजा होते व महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते.