लिंक पाठवली म्हणजे शिकवून झाले का?

६ ऑगस्ट २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने गूगलच्या भागीदारीत गूगल क्लासरूम राज्यातल्या शाळांसाठी आणल्याचे जाहीर केले, तेव्हा कोरोनामुळे वर्गांना कुलपे होती. त्याआधीच एप्रिलपासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोहोचत होती. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या शिक्षकांनी ऑनलाइन साधने अशी घाईगर्दीत, अडचणीच्या वेळी शिकून घेतली. पुढे शाळा उघडल्या, साधने वर्गात राहिली. त्या घाईत रुजलेले समजही राहिले. काहींचा या साधनांवर आंधळा विश्वास आहे, तर काहींना ती शुद्ध थोतांड वाटतात. मला या दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. साधन कोणत्या खात्यातून वापरायचे आणि कोणत्या प्रश्नासाठी वापरायचे, हे शिक्षकाने आणि शाळेने ठरवले, तरच त्याचा उपयोग होतो.

‘फुकट आहे, मग विचार कसला करायचा?’

सर्वांत महागात पडणारा समज हाच. ‘गूगल क्लासरूम वापरतो’ असे दोन शाळा सांगतात, तेव्हा त्या दोन वेगळ्या गोष्टी बोलत असू शकतात. एका शाळेने स्वतःच्या डोमेनवर गूगलच्या ‘वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’साठी नोंदणी केलेली असते. आपण मान्यताप्राप्त शाळा आहोत हे दाखवले की त्याची मूळ आवृत्ती मोफत मिळते. खर्च होतो तो डोमेनच्या वार्षिक शुल्काचा. संपूर्ण शाळेला मिळून १०० टेराबाइट साठवण मिळते, मुख्य सेवांमध्ये जाहिराती नसतात आणि मुलांची खाती शाळेच्या ताब्यात राहतात. पासवर्ड विसरला तर शाळा बदलून देते, दाखला घेऊन मूल गेले की खाते बंद करते.

दुसऱ्या शाळेत मुले आईच्या किंवा दादाच्या जीमेलवरून वर्गात येतात. त्या खात्यावर शाळेचा काहीही अधिकार चालत नाही. भारतात स्वतःचे गूगल खाते स्वतः सांभाळण्यासाठी वय किमान १३ लागते. पाचवीतल्या मुलासाठी जन्मसाल मागे ढकलून खाते उघडले, की गूगलच्या लेखी ते मूल मोठे होते आणि लहान मुलांसाठीचे संरक्षण त्याला मिळत नाही. सोय म्हणून केलेली ही गोष्ट मुलाच्या अंगावर येऊ शकते.

कायदाही आता बदलला आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिक्षणाच्या आणि सुरक्षिततेच्या कामासाठी शाळांना काही सवलती आहेत, पण त्या मर्यादित आहेत.

‘सरकारी ॲप आहे, म्हणजे सुरक्षितच’ हेही गृहीत धरू नये. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले ‘दीक्षा’ हे गुणी साधन आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड टिपला की त्या धड्याचे साहित्य उघडते आणि ते उतरवून नेटशिवायही पाहता येते. तरी याच ‘दीक्षा’ची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी राहिल्याचे जानेवारी २०२३ मध्ये समोर आले. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे आणि संपर्काचे तपशील होते, शिवाय लाखो विद्यार्थ्यांची माहिती होती. म्हणून ‘दीक्षा’ सोडून द्या असे मी म्हणणार नाही. ज्या साधनाला मुलाचे नाव कळायची गरज नाही, त्याला ते देऊ नका, एवढेच.

बहुतेक गळती मात्र आपल्याच हातून होते. विद्यार्थ्यांची यादी असलेली शीट ‘लिंक असलेला कोणीही’ पाहू शकेल अशी ठेवली जाते आणि ती लिंक चार ग्रुपवर फिरते. गूगल फॉर्ममध्ये उत्तरांचा सारांश दाखवण्याचा पर्याय चालू राहिला, तर एका पालकाने लिहिलेले दुसऱ्याला दिसते. आधार क्रमांक फॉर्ममध्ये मागूच नये. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. फक्त सूचना द्यायच्या असतील तर कम्युनिटीचा सूचना-गट वापरावा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

‘हे सगळे इंग्रजी माध्यमासाठी’

हा समज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो मराठी शाळांच्या आत्मविश्वासावर घाव घालतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत. विद्युतमंडल जोडणे, अपूर्णांकांची तुलना करणे असे प्रयोग त्यात मुले स्वतः करून पाहतात. भूमितीसाठी ‘जिओजेब्रा’ आहे. २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकन करता येते. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत.

अडचण साधनांच्या भाषेपेक्षा आपल्या फाँटची आहे. आपल्याकडच्या कितीतरी प्रश्नपत्रिका डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. त्या उचलून फॉर्ममध्ये चिकटवल्या की अक्षरांचा चिवडा होतो. मग ‘गूगलला मराठी येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. त्यावर उपाय युनिकोड. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे मोफत परिवर्तक मिळतात आणि बदललेली प्रश्नपत्रिका कायमची कामाला येते.

आणखी एक खाचखळगा आहे. गूगल फॉर्ममध्ये एका शब्दात उत्तर लिहायचा प्रश्न घातला, तर यंत्र अक्षरशः जुळणी करते. उत्तरसूचीत देवनागरी ‘१८५३’ असेल आणि मुलाने इंग्रजी अंकांत तेच साल लिहिले, तर गुण जातो. वेलांटी ऱ्हस्वाऐवजी दीर्घ झाली तरी जातो. मुलाला उत्तर येत असते, यंत्राला ते ओळखता येत नाही. अशा प्रश्नाला सर्व मान्य रूपे उत्तरसूचीत भरावीत, नाहीतर बहुपर्यायी प्रश्न विचारावा. लेखी उत्तर वाचायचे काम शिक्षकाचेच आहे.

‘प्रत्येक मुलाकडे मोबाइल आणि नेट हवे’

साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, शाळा दोन अधिवेशनांत. अशा ठिकाणी प्रत्येकाच्या हाती यंत्र देणे शक्य नाही, आणि मला ते इष्टही वाटत नाही. ‘प्लिकर्स’ या साधनात मुलांकडे फक्त छापील कार्डे असतात. कार्ड कोणत्या बाजूने वर धरले यावरून अ, ब, क, ड ठरते. शिक्षक आपल्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणाचे उत्तर चुकले ते लगेच दिसते. कार्डांचा मोठा संच ६३ मुलांचा आहे, म्हणजे आपला भरलेला वर्ग त्यात मावतो. मोफत आवृत्तीत प्रश्नसंख्येला मर्यादा आहे, पण तासाच्या शेवटी तीन-चार प्रश्न विचारायला ती पुरते. कार्डांवर नावाऐवजी हजेरी क्रमांक चालतो.

नेटचेही तसेच. ‘फेट’ची सिम्युलेशन्स घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणली की शहापूर-मुरबाडच्या वाडीवरच्या शाळेतही चालतात. वीज मात्र लागतेच. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई आणि ठाणे अंधारात गेले आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून ज्या तासाला साधन वापरायचे, त्या तासाची खडू-फळ्यावरची तयारीही असावी.

‘साधन आले की मुले शिकतात’

मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. ऑनलाइन प्रश्नमंजूषेचा फायदा येथून येतो, म्हणजे आठवण्यातून. रंगीत पडदा आणि टाळ्यांचा आवाज यांचा त्यात वाटा नाही. पाटीवर उत्तर लिहून वर धरायला लावले तरी तोच फायदा मिळतो.

साधन खरे उपयोगी पडते ते फळ्यावर जमत नाही अशा ठिकाणी. कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या शीटमध्ये भरून आलेख काढायला सांगा. २००१ मध्ये सुमारे ११.९ लाख, २०११ मध्ये सुमारे १२.५ लाख. लोकलच्या गर्दीत वाढलेली मुले लगेच म्हणतील, दहा वर्षांत एवढीच वाढ कशी? मग शोध सुरू होतो आणि कळते की २००२ मध्ये २७ गावे महापालिकेतून वगळली गेली होती. ती २०१५ मध्ये परत आली. आकडे बरोबर असतानाही चित्र फसवे असू शकते, हे मुले यातून स्वतः शिकतात. त्यानंतर ‘गूगल अर्थ’वर १९८४ पासूनची उपग्रहचित्रे लावा आणि शिळफाट्यापासून कल्याणपर्यंत शेतांच्या जागी इमारती कशा उभ्या राहिल्या ते बघू द्या. नागरिकशास्त्र, भूगोल आणि गणित अशा वेळी एकाच तासात येतात.

‘आज आहे ते उद्याही असेल’

नसेल. ‘एडमोडो’ हे ऑनलाइन वर्गाचे साधन सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले, गूगलचा ‘जॅमबोर्ड’ हा ऑनलाइन फळा २०२४च्या अखेरीस गेला. ज्या शिक्षकांनी आपले साहित्य तिथेच ठेवले होते, त्यांना ते हलवावे लागले. प्रत्येक सत्राच्या शेवटी प्रश्नसंच आणि गुण उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवावेत.

शिक्षकांची एक तक्रार मात्र गैरसमज नाही. ‘ही लिंक भरा, ती माहिती आजच पाठवा, ऑनलाइन हजेरी लावा’ या कामांत त्यांचा वेळ जातो. ज्याला दिवसभर लिंकच भराव्या लागतात, तो वर्गासाठी नवे साधन आनंदाने उघडेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. मुख्याध्यापकांनी वर्षाला दोनच साधने निवडावीत, सर्व शिक्षकांनी तीच वापरावीत आणि शिकण्यासाठी शाळेच्या वेळेतच तास द्यावेत.

पालकांनाही एक विनंती आहे. जूनमध्ये पहिली पालकसभा होईल तेव्हा शाळेला तीन गोष्टी विचारा: माझ्या मुलाचे खाते शाळेचे आहे की आमचे, त्याचे फोटो आणि गुण कोण पाहू शकते, आणि त्याने शाळा सोडल्यावर ही माहिती कधी पुसली जाईल. उत्तरे लेखी मागा.