तर्क कसा मांडावा, मोजावा कसा

पहाटे केलेलें पाठांतर चिरकाल टिकतें, असें वडीलधाऱ्यांनीं आपणांस सांगितलें आणि आपणहि तेंच मुलांस सांगत आलों. आमच्या वाशीम जिल्ह्यांत परीक्षेच्या दिवसांत पहाटे चार वाजतां लागलेले दिवे मीं पुष्कळ वर्षें पाहिले आहेत. पण हें म्हणणें खरें कशावरून? मानसशास्त्राचा अभ्यासक या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं प्रश्नच नीट मांडून घेतो. ती मांडणी कशी करावी, हा आजचा विषय.

‘चिरकाल’ म्हणजे किती काळ? ‘पाठांतर’ कशाचें? ‘टिकतें’ हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नांचीं उत्तरें दिल्यावर विधान असें होतें : आठवीच्या ज्या विद्यार्थ्यांनीं वीस शब्द पहाटे पांच वाजतां पाठ केले, त्यांना चोवीस तासांनंतर, तेच शब्द रात्रीं नऊ वाजतां पाठ करणाऱ्यांपेक्षां अधिक शब्द आठवतील. यास सिद्धान्तकल्पना किंवा गृहीतक म्हणतात. तें खोटें ठरण्याची वाट मोकळी असते, हाच त्याचा गुण. ज्या विधानास खोटें ठरण्याचें भयच नाहीं, तें संशोधनाच्या उपयोगाचें नाहीं.

या विधानांत बदलणाऱ्या गोष्टी दोन. त्यांस चल म्हणतात. अभ्यासाची वेळ आपण स्वतः बदलतों, म्हणून ती स्वाश्रयी चल. आठवलेल्या शब्दांची संख्या तिच्यावर अवलंबून बदलेल असें आपण मानतों, म्हणून ती आश्रयी चल. परंतु झोप, वय, पूर्वतयारी हीं तिसरीं कारणें मधें डोकावतातच. पहाटे उठणारीं मुलें मुळांतच अधिक मेहनती असतील, तर श्रेय पहाटेला कीं मेहनतीला? म्हणून दोन गट मुलांच्या आवडीप्रमाणें न पाडतां चिठ्ठ्या टाकून पाडावे लागतात. शिवाय ‘वेळेमुळें कांहींच फरक पडत नाहीं’ अशी उलट कल्पनाहि आधींच लिहून ठेवावयाची. रोनाल्ड फिशर यांनीं 1935 सालच्या ग्रंथांत तिला शून्य कल्पना म्हटलें. दिसलेला फरक केवळ योगायोगानें सहसा पडणार नाहीं इतका मोठा असेल, तरच ती बाजूस सारावी.

स्मृति मोजण्याचा आरंभ जर्मनींत हर्मान एबिंगहाऊस यांनीं 1885 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं झाला. निरर्थक अक्षरें स्वतः पाठ करून, तींच पुनः पाठ करतांना किती वेळ वाचतो, हें त्यांनीं मोजलें. पुढें 1924 सालीं अमेरिकेंत जेन्किन्स व डॅलेनबाख यांना असें आढळलें कीं, पाठांतरानंतर जागें राहण्यापेक्षां तितकेच तास झोप घेतल्यास अधिक आठवतें. म्हणजे रात्रीं वाचून लागलीच निजणारा मुलगाच कदाचित् सरस ठरेल!

सर्वांत कठीण काम व्याख्येचें. ‘बुद्धि’ हा शब्द आपण सहज वापरतों. पण ती मोजावयाची कशी? पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने व सिमाँ यांनीं 1905 सालीं त्यासाठीं प्रश्नमाला रचली. तिचें मराठी व कानडी मुलांसाठीं रूपांतर धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. त्याचा वृत्तान्त 1934 सालीं व ग्रंथ 1940 सालीं प्रसिद्ध झाला. नुसत्या भाषांतरानें हें काम भागण्यासारखें नव्हतें. परक्या देशांतील वस्तूविषयींचा प्रश्न आपल्या मुलास सुटला नाहीं, तर त्यांत बुद्धीचा दोष कोणता? मोजमाप अपरिचयाचें व्हावयाचें आणि नांव मात्र बुद्धीचें पडावयाचें!

हीच चूक माझ्या हातून घडली आहे. मागच्या बाकावरील एक मुलगा फळ्यावरील गणितें नेहमीं चुकीचीं उतरवी. मीं त्यास मंद ठरविलें, आणि तो त्याच इयत्तेंत एक वर्ष राहिला. पुढें कळलें कीं, त्याला फळाच नीट दिसत नव्हता. चष्मा लागल्यावर त्याचीं गणितें बरोबर येऊं लागलीं. मीं त्याची दृष्टि मोजली होती आणि तिलाच बुद्धि म्हटलें होतें. त्याचें तें वर्ष मला परत देतां आलें नाहीं.

श्रोतेहो, आपण सारेच संशोधक नाहीं. परंतु मुलांविषयीं मतें मात्र रोज बनवितों. तीं उच्चारण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : मी नेमकें काय मोजलें, दुसरें कोणतें कारण असूं शकेल, आणि काय दिसलें असतां माझें मत मी सोडून देईन?