अहर्गण १७४४१७६ व ग्रहलाघवाची रीति

पेण-रोह्याकडील एखाद्या जोश्याचें जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहक पोथ्या उचलतात आणि आंकड्यांनीं भरलेलीं सुटीं पानें रद्दींत टाकतात. ही हानि आम्हांस सोसवत नाहीं. अशा पानावरील सोळा-सतरा लक्षांची संख्या पुष्कळदां कल्यहर्गण, म्हणजे कलियुगारंभापासून लोटलेल्या दिवसांची मोजणी असते, आणि तींत एका दिवसाचा वार सांठविलेला असतो.

उदाहरण रायगडावरीलच घेऊं. जेधे शकावली राज्याभिषेक शके १५९६ ज्येष्ठ शु. १२ शुक्रवारीं, तीन घटका रात्र उरली असतां, झाल्याचें सांगते. इंग्रजी जुन्या गणनेनें तो दिवस ६ जून १६७४, शनिवार. मग वार कोणता खरा?

येथें नांदगांवच्या गणेश दैवज्ञांची रीति लावूं. हें गांव रोह्याच्या पश्चिमेस, मुरुडच्या उत्तरेस समुद्रकांठीं आहे. मोठ्या संख्यांचा व्याप टाळण्यासाठीं त्यांनीं ग्रहलाघवांत अकरा वर्षांचें चक्र योजिलें व त्याचे दिवस ४०१६ धरिले. आरंभ शके १४४२ (इ. स. १५२०) चैत्र शु. १ सोमवार. चक्रांत १३६ चांद्रमास येतात. त्यांचे दिवस ४०१६ हून सुमारें षष्ठांशानें अधिक भरतात, म्हणून चक्रांचा षष्ठांश पुढें मिळवावा लागतो. ही युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते.

१५९६ मधून १४४२ वजा करितां १५४. अकरांनीं भागून चक्रें १४, शेष शून्य. गतमास २. चक्रांची दुप्पट २८, त्यांत २ व १० मिळवून ४०. तेहतिसांनीं भागितां अधिकमास १. एकूण मास ३, म्हणजे तिथि ९०. गततिथि ११ आणि चक्रांचा षष्ठांश २ धरून १०३. यास चौसष्टांनीं भागितां क्षयदिन १. तो वजा जातां अहर्गण १०२. ४०१६ यांस सातांनीं भागिल्यास पांच उरतात, यास्तव १४ × ५ = ७० मिळवून १७२. यास सातांनीं भागून शेष ४. सोमवार शून्य धरितां शुक्रवार.

आतां मोठी संख्या. ग्रहलाघवारंभींचा कल्यहर्गण १६८७८५०. त्यांत चौदा चक्रांचे ५६२२४ व वरील १०२ मिळून १७४४१७६. हिचे अवयव १६ × ३ × ७ × २९ × १७९. इतर अवयव कुतूहलापुरते, काम सातांशीं. कलियुगारंभ शुक्रवारीं मानितात आणि येथें शेष शून्य, म्हणून पुन्हां शुक्रवारच. आपला वार सूर्योदयापर्यंत टिकतो. इंग्रजी वार मध्यरात्रींच पालटलेला. सबब विरोध नाहीं. सभासद शु. १३ लिहितो, तो प्रश्न निराळा. वाराच्या शेषानें क्षणाची तिथि ठरत नाहीं.

लेखनिकानें १ चा ९ केल्यास फरक आठांच्या पटींत पडतो व वार चुकून दोष उघड होतो. ० चा ७, १ चा ८ किंवा २ चा ९ झाल्यास मात्र ही परीक्षा आंधळी ठरते. तेथें मास-तिथींवरूनच पडताळा घ्यावा लागतो.