गेमच्या डब्यातला कॉम्प्युटर आणि उरलेले पन्नास रुपये

या आठवड्याच्या व्हिडिओत मी तुम्हाला जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यात बसवलेला छोटा कॉम्प्युटर दाखवला. टीव्हीला जोडायचा आणि घरचे व्हिडिओ, गाणी, फोटो बघायचे. बऱ्याच जणांना तो आवडला आणि "आम्हीपण करून विकू का?" असा प्रश्न आला. विका, पण आधी या ऑर्डरचा सगळा हिशोब वाचा. व्हिडिओत डबा दिसला, वही दिसली नाही.

ऑर्डर कशी आली

माझं दुकान केजला. फोन पुण्याहून आला. मुलगा तिकडे नोकरीला, वडील अंबाजोगाईत एकटे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. घरात जुन्या ऑडिओ कॅसेट होत्या, लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, मोबाईलवरचे शेकडो व्हिडिओ होते. ते सगळं वडिलांना टीव्हीवर एका रिमोटनं बघता यावं, एवढंच त्याला हवं होतं. अट एकच, कॉम्प्युटर त्याच्या लहानपणीच्या गेमच्या डब्यात बसवायचा. तो डबा आईनं घेऊन दिलेला होता.

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना तो डबा सांगायची गरज नाही. समुराई, मीडिया, पुढे मिताशी. नावं वेगळी, आतला माल जवळपास एकच. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डो कंपनीनं फॅमिकॉम काढला, त्याच्या नकला आपल्या बाजारात आल्या आणि आपण त्यांना नुसतं 'टीव्ही गेम' म्हणायचो. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. डबा उघडला तर आत छोटी पट्टी, तिच्यावर काळ्या डांबरासारखा थेंब, त्याखाली चिप. बाकी डबा रिकामा! म्हणून तर आपलं काम होतं.

गेमच्या डब्यात मीडिया कॉम्प्युटर ही कल्पनाही नवी नाही. आज असल्या कामाला जे कोडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर सगळे वापरतात, ते मुळात मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी लोकांनी बनवलं. तेव्हा त्याचं नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर होतं, २०१४ मध्ये ते कोडी झालं. त्या एक्सबॉक्सला मेमरी होती फक्त ६४ एमबी. म्हणजे घरच्या सिनेमाला मोठी मशीन लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालंय.

आत काय बसवलं

रास्पबेरी पाय ४ हा बोर्ड घेतला. आकार ८५ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एटीएम कार्डाएवढा. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. त्यावर लिब्रेइलेक टाकलं, म्हणजे बटण दाबलं की थेट कोडीच सुरू होतं. फिरणारी हार्डडिस्क घेतली नाही, कारण ती घरघरते. एसएसडी घेतली. एचडीएमआयच्या वायरमधून टीव्हीचाच रिमोट कोडीला चालतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करावं लागतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते.

गेमचं रिसेट बटण बोर्डाच्या ५ आणि ६ नंबरच्या पिनांना जोडलं आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली. आता ते दाबलं की कॉम्प्युटर नीट बंद होतो, परत दाबलं की चालू. पॉवरचं जुनं बटण मात्र नुसतं शोभेला ठेवलं. त्याचे जुने संपर्क मध्ये आले की व्होल्टेज पडतं आणि स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह येतं. मोबाईलचा कुठलाही चार्जर लावला तरी हेच होऊ शकतं.

एप्रिलच्या एका संध्याकाळी दुकानात चालवून बघितलं. झकास. अंबाजोगाईला जाऊन लावून आलो. काकांनी चहा पाजला. मी खूश.

मे महिना

तीन आठवड्यांनी फोन. "दुपारी व्हिडिओ अडकत अडकत चालतोय."

झालं होतं असं. हा बोर्ड ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुकानात मी चाचणी घेतली तेव्हा खोली २७ अंश होती आणि कोडीच्या सिस्टीम माहितीच्या पानावर ६८ दिसत होते. मला वाटलं, ६८ म्हणजे बरंच खाली आहे. पण बघायचा आकडा ६८ नव्हताच. बघायचा होता फरक, ६८ वजा २७, म्हणजे ४१. बंद प्लास्टिकच्या डब्यात बोर्ड खोलीपेक्षा ४१ अंश वर राहत होता. आपल्याकडे मे महिन्यात वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली दुपारी ४२ ला जाते. ४२ अधिक ४१, ८३. ही बेरीज पाचवीतलं पोर करेल. मी केली नाही.

आणि मग मी दुसरी चूक केली. घाईत एक छोटा ४० मिलिमीटरचा पंखा आणला, मागं भोक पाडून बसवला. उष्णता उतरली. परत चहा प्यायलो, परत घरी आलो.

दोन दिवसांनी काकांचाच फोन. आवाज चढलेला नव्हता, पण जे म्हणाले ते अजून कानात आहे. "तुझ्या डब्याचा आवाज येतोय रे. हिचा येईना."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं की काका त्यावर काय ऐकत होते. लग्नाची कॅसेट नाही, मोबाईलचे व्हिडिओही नाहीत. मुलानं शाळेत असताना घरच्या टेपवर आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. टेप लांब ठेवलेला, आवाज बारीक, वर कॅसेटची खरखर. काका रात्री सगळं शांत झालं की ते लावून बसायचे. आणि माझा पंखा त्या बारीक आवाजावर बसला होता.

त्या कॅसेट मीच कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. मला आवाज किती बारीक आहे हे माहीत होतं. तरी मी विचारलं नाही, कारण ऑर्डर मुलानं दिली होती. पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा. मी पैसे देणाऱ्याशी चार वेळा बोललो. वापरणाऱ्याशी चहापुरतं.

पंखा काढून काय केलं

तिसऱ्यांदा डबा दुकानात आणला आणि शांत डोक्यानं बसलो.

पहिलं, बोर्डाला पंख्याविना चालणारी जाड ॲल्युमिनियमची केस लावली. तिच्या पट्ट्यांमधून उष्णता बाहेर पडते. ॲल्युमिनियममुळे वाय-फाय थोडं कमी पकडतं, पण इथं सगळा माल एसएसडीवर, त्यामुळे अडचण नाही.

दुसरं, गरम हवा वर जाते, तिला वाट दिली. डब्याच्या तळाला भोकांच्या दोन ओळी पाडल्या आणि खाली उंच रबरी पाय लावले, म्हणजे गार हवा आत येईल. वर तर वाट आधीच होती, कॅसेट घालायची फट! तिचं झाकण आतून उघडं अडकवून ठेवलं. बोर्ड बरोबर त्या फटीखाली घेतला. आत मच्छरदाणीची जाळी चिकटवली, कारण आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहे. ज्या फटीत आपण फुंकर मारायचो, तीच आता डब्याचं धुराडं झाली.

तिसरं, एसएसडी बोर्डापासून लांब, तळाच्या भोकांजवळ बसवली.

परत चाचणी. डबा बंद, एक तास व्हिडिओ चालू, खोलीचं तापमान लिहून ठेवलं. फरक आला २९. ४२ अधिक २९, ७१. हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज शून्य.

तुम्ही केलंत तर हाच नियम ठेवा. थंडीत चाचणी घ्या नाहीतर पावसाळ्यात, फरक काढा आणि त्यात ४२ मिळवा. बेरीज ७५ च्या आत असेल तरच डबा गिऱ्हाइकाच्या घरी जाईल. पंखा लावायचीच वेळ आली तर मोठा आणि हळू फिरणारा लावा. छोटा पंखा तेवढीच हवा ढकलायला जोरात फिरतो आणि किणकिणतो.

आणि लाइटीचं विसरू नका. लाइट अचानक गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकतं. तयार झालेल्या कार्डाची एक नक्कल दुकानात ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर त्याच्याच घरी. आईचा आवाज दुसऱ्यांदा रेकॉर्ड होत नाही.

आता वही

हे माझे त्या वेळचे भाव, तुम्ही आजचे विचारून घ्या. बोर्ड ४,३००, अडॅप्टर ८००, कार्ड ४५०, एसएसडी आणि तिची केबल १,९००, एचडीएमआय वायर ३५०, किरकोळ २५०. एकूण ८,०५०. मी सांगितलेली किंमत ९,५००. उरले १,४५०.

नंतर वाया गेलेला पंखा २५०, ॲल्युमिनियमची केस ७५०, दोन जादा चकरांचं पेट्रोल ४००. झाले १,४००.

उरले ५० रुपये. वेळ लागला १४ तास. वर चार कॅसेट उतरवल्या त्या फुकट. कॅसेट एक तासाची असेल तर उतरवायला तासच लागतो, तिथं घाई चालत नाही. बीबीएला कॉस्टिंग हा विषय होता, मार्कही चांगले पडले होते. पेपरात मजुरी धरतो, दुकानात विसरतो!

आता मी या कामाची तीन बिलं करतो. सामान वेगळं, बसवायची मजुरी वेगळी, कॅसेट उतरवण्याचे तासाप्रमाणे पैसे वेगळे. आणि खरं सांगू? नफा तिसऱ्या बिलात आहे. डबा कुणीही बनवेल. नुसते ओटीटी बघायचे असतील तर साधी टीव्ही स्टिक स्वस्त पडते आणि तिलाही आवाज नसतो, गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगा. आपलं गिऱ्हाईक तो, ज्याच्या कपाटात घरच्या कॅसेट आहेत. त्या दरवर्षी थोड्या थोड्या खराब होतायत.

दोन गोष्टी करू नका. चालू स्थितीतला गेम न विचारता कापू नका, आतली जुनी पट्टी पिशवीत घालून परत द्या. आणि चोरीचे सिनेमे भरून डबा विकू नका. गिऱ्हाईक मागेल, शेजारचा देईलही. कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे, आणि पाटी तुमच्या दुकानावर आहे.

आजचा गृहपाठ

हातात असलेली एक ऑर्डर घ्या. तिच्यासमोर दोन नावं लिहा, पैसे कोण देणार आणि वापरणार कोण. दोन्ही नावं वेगळी असतील तर दुसऱ्या माणसाला आज फोन करा. एकच प्रश्न विचारा, "तुम्ही हे कधी आणि कशासाठी वापरणार?"

मी हा फोन केला असता तर माझे पंख्याचे २५० रुपये आणि एक चक्कर वाचली असती. काकांच्या दोन रात्री वाचल्या असत्या, त्याची किंमत मला वहीत मांडता येत नाही.

तिसऱ्यांदा डबा लावून आलो त्या रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. फोनवर ते काही बोललेच नाहीत. मागून बारीक आवाजात ओवी ऐकू येत होती. थोड्या वेळानं त्यांनी फोन ठेवला.