बर्फ ओळखणारे बंदर

दक्षिण ध्रुवाच्या शोधाची हकिगत वाचताना रॉबर्ट स्कॉट, अर्नेस्ट शॅकलटन ही नावे आपल्या समोर येतात. ज्या जहाजांतून ते गेले ती जहाजे कोणी बांधली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील डंडी या बंदरात मिळते.

या गावाचा आपल्या देशाशीही जुना संबंध होता. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग कोलकात्याहून जहाजांनी डंडीला जाई. कच्चा ताग राठ असतो. तो कातण्याजोगा मऊ व्हावा म्हणून त्यावर पाणी आणि देवमाशाचे तेल घालीत. या तेलासाठी डंडीचे खलाशी उत्तरेकडील बर्फाळ समुद्रात शिकारीला जात. ही शिकार क्रूर होती आणि तिने देवमाशांची संख्या फार घटवली, हे विसरून चालणार नाही. परंतु याच धंद्यात बर्फाची फट कशी हेरावी, जहाज त्यात कसे घालावे आणि अडकले तर काय करावे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे गेले.

डंडीच्या सुतारांचे कसबही याच गरजेतून वाढले. स्कॉटसाठी बांधलेले ‘डिस्कव्हरी’ हे जहाज तेथे २१ मार्च १९०१ रोजी पाण्यात उतरले. लोखंडी आणि पोलादी जहाजांचा जमाना आला असताना ते लाकडी का ठेवले? बर्फाच्या दाबाखाली लाकूड थोडे लवते. शिवाय लोखंडामुळे चुंबकीय निरीक्षणांत अडथळा येतो. निरनिराळ्या लाकडांचे थर देऊन जहाजाच्या भिंती सुमारे दोन फूट जाड केल्या होत्या. नाळेला पोलादी पत्रा होता. बर्फाच्या तडाख्यातून वाचवण्यासाठी सुकाणू व पंखा वर उचलून घेण्याची सोय होती. एवढे मोठे लाकडी जहाज बांधू शकणाऱ्या गोद्या त्या वेळी ब्रिटनमध्ये थोड्याच उरल्या होत्या.

तरीही ‘डिस्कव्हरी’ अंटार्क्टिकात दोन हिवाळे गोठून राहिले. जानेवारी १९०४ मध्ये ‘मॉर्निंग’ आणि ‘टेरा नोव्हा’ ही जहाजे मदतीस पोहोचली, तेव्हा मध्ये सुमारे तीस किलोमीटर बर्फ होता. ‘डिस्कव्हरी’ सुटले नाही तर ते तेथेच सोडून यावे, असा हुकूम होता. ‘टेरा नोव्हा’ हे डंडीचेच शिकारी जहाज, १८८४ मध्ये बांधलेले. त्याचा कप्तान हॅरी मॅके हाही डंडीच्या शिकारी जहाजांवर मुरलेला. जहाजाच्या धडका, सुरुंगाची दारू आणि समुद्राच्या लाटा यांनी बर्फ फुटला आणि फेब्रुवारीत ‘डिस्कव्हरी’ मोकळे झाले. या मोहिमेत नाव झाले ते स्कॉटचे. मॅकेचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे.

१९१० मध्ये स्कॉट पुन्हा दक्षिणेकडे निघाला. त्या वेळी त्याचे जहाज होते ‘टेरा नोव्हा’.