कोविडचा केंद्राचा पैसा हिंगोलीत आला कसा, आणि ठरवलं कुणी?

आपल्या पॉडकास्टचा हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा असेल, किंवा आकडे कागदावर उतरवून घ्यायचे असतील, तर हा मजकूर तुमच्यासाठी. बोलण्यातले 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न सरळ आहे. कोविडच्या काळात केंद्र सरकारनं जो पैसा पाठवला, तो हिंगोलीत कुठल्या वाटेनं आला? आणि तो कशावर खर्च करायचा, हे कुणी ठरवलं?

'हिंगोलीला किती कोटी आले?' असं विचारलं तर एक आकडा मिळत नाही. कारण एक खातंच नव्हतं. अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये एक कायदा झाला. त्यातून राज्यं, काउंटी आणि शहरं मिळून ३५० अब्ज डॉलर वाटले गेले. पन्नास हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांनाही त्यात वेगळा वाटा होता. रक्कम गावाच्या नावावर दिसायची, मग ती कशावर घालायची यावरून गावाच्या कौन्सिलमध्ये भांडणं व्हायची. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं वेगवेगळे पाईप आहेत आणि प्रत्येकाचा नळ वेगळ्या माणसाच्या हातात. एकेक बघू.

पहिला पाईप आपत्तीचा

१४ मार्च २०२० ला केंद्रानं कोविडला मदतीपुरती अधिसूचित आपत्ती मानलं. त्यामुळं राज्य आपत्ती प्रतिसाद निधी वापरायची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रासाठी या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. ३ एप्रिल २०२० ला केंद्रानं सगळ्या राज्यांना मिळून ११,०९२ कोटी रुपये सोडले. जिल्ह्यात या पैशाचा नळ असतो जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात. कशावर खर्च चालेल याची यादी वरूनच येते: विलगीकरण केंद्र, तपासण्या, सुरक्षा साहित्य वगैरे.

इथं एकहाती निर्णय समजू शकतो. मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून हिंगोलीत परतलेले राज्य राखीव दलाचे जवान पॉझिटिव्ह निघाले आणि मे २०२० च्या सुरुवातीला जिल्ह्याचा आकडा एकदम चढला. अशा वेळी सभा बोलवा, ठराव घ्या, हे करत बसायला वेळ नसतो.

कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना मिळालेले ५० हजार रुपयेही याच पाईपमधून आले. ३० जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, मग राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ही रक्कम ठरवली. यात कुणाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. नियमात बसलं की मिळायलाच हवं.

दुसरा पाईप आरोग्याचा

एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं १५,००० कोटींचं आपत्कालीन पॅकेज जाहीर केलं. जुलै २०२१ मध्ये दुसरं आलं, २३,१२३ कोटींचं. त्यात केंद्राचे १५,००० आणि राज्यांचे ८,१२३ कोटी. मुलांसाठी वेगळे कक्ष, अतिदक्षता खाटा, ऑक्सिजनची साठवण यावर दुसऱ्या पॅकेजचा भर होता. हा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या वाटेनं आरोग्य खात्याकडं येतो. सरपंच किंवा नगरसेवकाला इथं काही म्हणायला जागाच नाही.

तिसरा पाईप बंद केला गेला

खासदाराला स्थानिक कामांसाठी वर्षाला ५ कोटी मिळतात. एप्रिल २०२० मध्ये तो निधी दोन वर्षांसाठी थांबवला आणि देशभरातले मिळून ७,९०० कोटी केंद्राच्या तिजोरीत वळवले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो परत सुरू झाला, पण त्या वर्षापुरते प्रत्येकी २ कोटीच मिळाले. म्हणजे 'आमच्या तालुक्यातल्या दवाखान्याला हे घेऊन द्या' असं लोकांनी खासदाराला सांगायची जी एक वाट होती, ती नेमकी गरजेच्या वेळी बंद होती.

चौथा पाईप, थेट गावाचा

आता मुख्य गोष्ट. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान. यातला काही भाग 'बंधित' होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचा. उरलेला 'अबंधित'. तो गावानं आपल्या गरजेप्रमाणं वापरायचा, फक्त पगार आणि आस्थापना खर्चावर नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाकीच्या पाईपांत ड्रॉपडाऊन आहे, दिलेल्या पर्यायांतून निवडा. इथं मात्र मोकळा रकाना आहे.

८ मे २०२१ ला, दुसरी लाट ऐन भरात असताना, केंद्रानं २५ राज्यांच्या ग्रामीण स्थानिक संस्थांसाठी ८,९२३.८ कोटी रुपये सोडले. सगळे अबंधित. महाराष्ट्राच्या वाट्याला ८६१.४ कोटी. खरं तर हा हप्ता जूनमध्ये यायचा होता, कोविडमुळं आधी दिला.

ऐकायला मोठा आकडा आहे, पण भागाकार करून बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६.१५ कोटी. म्हणजे माणशी साधारण १४० रुपये. त्यातले १० टक्के जिल्हा परिषदेला, १० टक्के पंचायत समितीला आणि ८० टक्के ग्रामपंचायतीला. ग्रामपंचायतीच्या हाती उरले माणशी ११२ रुपये. सेनगाव किंवा औंढ्याकडचं दोन हजार वस्तीचं गाव धरा: सव्वादोन लाखांच्या आसपास. हा माझा सरासरीचा हिशोब आहे, प्रत्येक गावाचा खरा आकडा थोडा इकडंतिकडं असेल. पण अंदाज येतो. एवढ्यात फवारणी, मास्क, शाळेत विलगीकरणाची सोय, आशाताईंना ऑक्सिमीटर इतकंच होतं. ऑक्सिजन प्लांट होत नाही.

मग एवढ्याशा रकमेसाठी डोकं का खपवायचं? कारण चारही वाटांत गावाला स्वतः ठरवता येईल असा पैसा हाच होता. आणि ठरवायची यंत्रणाच त्या काळात ढिली पडली होती. तीन गोष्टी सांगतो.

एक, निवडून आलेली माणसंच जागेवर नव्हती. २०२० मध्ये मुदत संपलेल्या राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका लांबल्या, त्या १५ जानेवारी २०२१ ला झाल्या. हिंगोलीतल्या गावांचाही त्यात समावेश होता. तोवर तिथं प्रशासक. आणि गर्दीवर बंदी, त्यामुळं ग्रामसभाही नीट भरत नव्हत्या.

दोन, मोकळा रकाना वरून भरला जात होता. जून २०२० मध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागानं ग्रामीण जनतेला आर्सेनिक अल्बम-३० या होमिओपॅथी गोळ्या वाटायचं ठरवलं. पैसा कुठला? चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीवर साठलेलं व्याज. म्हणजे गावाचाच. त्या गोळ्यांनी कोविड टळतो याला पुरावा नव्हता, हा एक भाग झाला. पण पुरावा असता तरी, गावाच्या पैशाचं काय करायचं हे गावाला विचारायला नको?

तीन, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी. वित्त आयोगाची अट होती की ठराविक टक्के पंचायतींचे हिशोब ऑनलाइन, सगळ्यांना दिसतील असे असावेत, तरच अबंधित हप्ता मिळेल. मे २०२१ च्या हप्त्यासाठी ही अट माफ केली. पैसा लवकर पोचावा म्हणून केलं, ते ठीकच. आग लागलेली असताना पावती मागत कुणी बसत नाही. पण आग विझल्यावर तरी पावती बघायची असते ना? ते काम सरकारइतकंच आपलंही आहे.

शहराचं काय, असं हिंगोली, वसमत, कळमनुरीचे श्रोते विचारतील. मे २०२१ चा तो हप्ता फक्त ग्रामीण संस्थांसाठी होता. नगरपरिषदांना वित्त आयोगाचं अनुदान वेगळं येतं आणि त्यातही बंधित-अबंधित असतंच. ठरवायची जागा म्हणजे सर्वसाधारण सभा. पण पुढं २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या प्रशासकांकडं गेल्या आणि वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. म्हणजे साथ संपली तरी सभा बरीच वर्षं परत आली नाही.

आता तुम्ही काय करू शकता

ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. त्यावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा आणि वर्ष २०२१-२२ टाका. गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचा. आराखड्यात नसलेलं काम खर्चात दिसलं, किंवा खर्च दिसतो पण गावात वस्तू दिसत नाही, तर ते लिहून घ्या. ते पुढच्या ग्रामसभेत विचारा. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. उत्तर नाही मिळालं तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच. ग्रामपंचायतीचं जन माहिती अधिकारी पद ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं) असतं.

विचारताना सूर चोर पकडल्याचा नको. बऱ्याच सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी त्या दिवसांत जीव धोक्यात घालून काम केलंय, आणि नीट हिशोब दाखवायला त्यांनाही बरंच वाटेल. पण माणशी ११२ रुपये असले तरी ते तुमच्या नावानं आले होते. त्यांचं काय झालं, हे विचारायचा हक्क तुमचाच आहे.

तुमच्या गावाचं पान उघडून काय सापडलं ते कळवा. पुढच्या भागात त्यातलंच एखादं पान घेऊन ओळ न् ओळ वाचू. भेटू या.