एकवीसची चर्चा आणि सिरोंचाचा पानठेला

कर्नाटक विधानसभेने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक दुरुस्ती मंजूर केली आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मे २०२५ च्या अखेरीस ती लागू झाली. तिथे आता २१ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात अजून १८ च. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि २०१६ पासून शासन, 'सर्च' ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांचं 'मुक्तिपथ' अभियान दारूसोबत तंबाखूविरुद्धही काम करतं. अशा जिल्ह्यात 'आपणही २१ करू' असं कुणी म्हटलं तर नवल नाही. मात्र या विषयावर बोलताना बरीच गृहीतकं चुकीची असतात.

पहिलं गृहीतक असं की नगरपंचायतीने किंवा ग्रामसभेने ठराव केला की वय बदलतं. तसं होत नाही. तंबाखूविक्रीचा कायदा, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात, २००३ चा आणि केंद्राचा आहे. वय बदलायचं तर संसदेने तरी बदलावं, नाहीतर राज्य विधिमंडळाने दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घ्यावी. महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. कमला मिलच्या आगीनंतर २०१८ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून आपण हुक्का पार्लर बंद केले. केंद्राने २०२० च्या दुरुस्ती मसुद्यात २१ चा आकडा घातला होता, पण तो मसुदा पुढे सरकलाच नाही.

मग गावाच्या हाती काहीच नाही, असं समजणंही तितकंच चूक. गडचिरोलीतला सिरोंचा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला. १९९६ चा पेसा कायदा इथल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन यांवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार देतो. तंबाखू 'मादक' या शब्दात बसतो का, यावर वकील वाद घालू शकतील. पण गावाने एकमताने सुपारी-तंबाखूचा खर्रा बंद करायचं ठरवलं तर त्या ठरावाला गावात जे वजन असतं, ते मुंबईच्या राजपत्राला क्वचितच मिळतं. एक मर्यादा लक्षात ठेवावी: पेसा ग्रामसभांसाठी आहे, सिरोंचा नगरपंचायतीच्या हद्दीत तो आधार मिळत नाही.

दुसरी भीती पालकांची असते. वय वाढलं तर आपल्या पोराला पोलीस धरतील! कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्या मुलावर नाही. आणि ग्राहकाचं वय १८ च्या वर आहे याची खात्री करण्याची जबाबदारीही दुकानदाराचीच. शंका आली तर त्याने वयाचा पुरावा मागायचा आहे. ठेल्यावर तशी सूचना देणारा ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलकही हवा. आपल्या भागातल्या किती ठेल्यांवर तो दिसतो, ते वाचकांनी जाता-येता पाहावं.

'पोरगं स्वतःसाठी नाही, बापासाठी घेऊन जातंय' ही सबब सगळ्यांत जास्त चालते. कायद्यात तिला जागा नाही. मुलाच्या हाती पुडी देऊन पैसे घेतले की विक्री झाली, खाणारा कुणीही असो. शाळा सुटल्यावर बापाच्या ठेल्यावर बसून खर्रा घोटणारा मुलगाही नियमात बसत नाही, कारण १८ खालच्या व्यक्तीने तंबाखू हाताळायचा किंवा विकायचा नाही असं नियम सांगतो.

शिक्षेबाबत मात्र लोकांना फक्त अर्धंच माहीत असतं. कोटपाखाली अशा विक्रीला जास्तीत जास्त २०० रुपये दंड. ठेलेवाला तो खर्चात धरू शकतो. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. गुन्हा एकच, आणि दोन शिक्षांमध्ये एवढं अंतर. माझ्या मते २१ च्या वादाआधी हे कलम वापरात आणण्याचा वाद व्हायला हवा.

'अठराव्या वर्षी मत देता येतं, मग तंबाखू का नको?' हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण याच राज्यात मुलाच्या लग्नाचं किमान वय २१ आहे आणि कडक दारूच्या परवान्याला २५. प्रत्येक गोष्टीचं वय वेगळं ठेवण्याची आपल्याला जुनी सवय आहे.

आता मूळ प्रश्न: २१ केल्याने फरक पडतो का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नीडहॅम या गावाने २००५ मध्ये स्थानिक पातळीवर हे करून पाहिलं; तिथल्या कायद्यात गावाला तो अधिकार होता. २००६ मध्ये तिथल्या हायस्कूलच्या १२.९ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात सिगारेट ओढली होती. २०१० मध्ये हे प्रमाण ६.७ टक्क्यांवर आलं. शेजारच्या गावांत तेव्हा २१ ची अट नव्हती, तरी नीडहॅममधली घट त्यांच्यापेक्षा मोठी होती. प्राणहिता-गोदावरीवरच्या पुलांकडे बोट दाखवून 'इथे बंद केलं तर पलीकडून तेलंगणातून आणतील' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पंधरा वर्षांच्या मुलाला तंबाखू बहुतेकदा अठरा-एकोणीसचा दोस्त पुरवतो. वय २१ झालं की हा पुरवठादार शाळा-कॉलेजच्या वर्तुळातूनच बाहेर पडतो. श्रीलंकेने २००६ च्या कायद्याने, तर अमेरिकेने देशभर २०१९ मध्ये २१ केलं, त्यामागे हाच हिशेब.

पण नीडहॅमचा धडा जसाच्या तसा इथे लागू पडत नाही. तिथला प्रश्न दुकानातल्या सिगारेटचा होता. भारतात २०१९ च्या युवा तंबाखू सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ५२ टक्क्यांनी दहाव्या वाढदिवसाआधीच सुरुवात केल्याचं आढळलं. नऊ वर्षांच्या मुलाला मर्यादा १८ ची असो की २१ ची, काय फरक पडतो? आजीच्या नसच्या डबीतून किंवा आईच्या गुडाखूतून हातावर आलेल्या चिमटीची कुणी पावती फाडत नाही.

'गुटखा २०१२ मध्येच बंद झाला' हे खरं. त्यापाठोपाठ सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही. तरी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून बनणारा खर्रा पूर्व विदर्भात चालूच राहिला, आणि 'धूर नाही म्हणजे धोका नाही' असं मानणारेही राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू आणि नुसती सुपारी या दोन्हींना निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. खर्ऱ्यात दोन्ही एकत्र येतात. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा आखडत जाते. पुढे तोंड उघडेनासं होतं, घास घेणं अवघड होतं.

वय वाढलं तर तेंदूपत्त्याची मजुरी बुडेल, ही शंकाही कानावर येते. बिडी ओढणारे बहुतेक २१ च्या पुढचे, आणि त्यांच्या खरेदीवर या अटीचा काहीच परिणाम नाही. मे महिन्यातल्या तोडाईला इतक्यात धोका नाही.

सिरोंचा नगरपंचायतीला आजच करता येण्यासारखी एक गोष्ट कागदावर तयार आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये राज्यांना लिहिलं होतं की तंबाखू विकणाऱ्यांना स्थानिक संस्थांमार्फत परवाना घ्यायला लावावा, आणि त्या दुकानात चॉकलेट, बिस्किट, चिप्स असा मुलांना खेचणारा माल ठेवू देऊ नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, विक्रीला कोटपाची बंदी आधीपासून आहेच. परवाना देताना फीत लावून हे अंतर मोजता येतं, आणि एकाच ठेल्यावर कुरकुरे व खर्रा टांगलेले असतील तर परवाना नाकारता येतो. त्यासाठी दिल्लीची किंवा २१ च्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.